भुंडे हात

बाळांच्या वॉर्डात शिरताना मी बांगड्या काढते. लग्न झालं तेव्हापासून काढते आणि रिटायर होईपर्यंत काढणार. हिरवा चुडा असो की सोन्याच्या पाटल्या, मनगटावर काही म्हणजे काही नको. बांगडीखाली साबण पोचत नाही, मळ मात्र बरोबर पोचतो. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या जिवाला तेवढा मळ पुरतो, मग डॉक्टरही हात टेकतात. एवढी साधी गोष्ट. पण ती पटवून देता देता माझ्या तोंडाला फेस आला.

आमच्या वॉर्डातल्या सिस्टरांनी यावर नामी तोड काढली होती. बांगड्या कोपराकडे चढवायच्या, वरून रबर लावायचं आणि हात धुवायचे. चुडाही राहिला आणि नियमही राहिला! रबर सैल झालं की सगळा चुडा खळकन खाली, थेट बाळाच्या अंगावर. मी टोकलं की म्हणायच्या, "तुले काय बाई, तू तर कशालेच भेत नाई." भिते की. निळं पडलेल्या बाळाला भिते. बांगड्यांना मात्र मी भीत नाही.

घरी रोजचा शिमगा. सासर वडनेरचं, शेतीवाडीचं. ड्यूटी संपल्यावर एसटी पकडायच्या घाईत बांगड्या डब्याच्या पिशवीतच राहून जात आणि सासूबाई मला दारात अडवत. "काय वं, भुंड्या हातानं घरात येते? माह्या पोराच्या जिवावर उठली का?" नवरा मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसे. मी म्हणे, "आई, तुमच्या पोराले काई होत नाई. तिकडं काचेच्या पेटीतल्या लेकराले होते." मग अबोला. म्हटलं, राहा अबोल. मी काही ऐकणार नव्हते.

अशातच माझी नणंद आमच्याच दवाखान्यात बाळंत झाली, वेळेच्या फार आधी. मुलगा झाला, पण चिमणीएवढा. सिझेरियननंतर नणंदेला सणकून ताप भरला, तिला बाळाजवळ आणायची सोय उरली नाही. बाळ श्वास घेत होतं, पण अंगात ऊब धरत नव्हतं आणि वजन घटत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, घरच्या कुणीतरी बाळाला उघड्या छातीशी धरून बसायला हवं. नणंदेची सासू कधीच गेलेली, मी ड्यूटीवर. राहिल्या माझ्या सासूबाई.

त्या धावतच आल्या. मी गाऊन दिला, बेसिनपाशी नेलं आणि म्हटलं, "आई, बांगड्या काढा."

त्यांनी सवयीनं बांगड्या वर चढवल्या. "घे, झालं."

"नाई. काढाच."

त्यांचा चेहरा पडला. त्यांची मनगटं लग्नापासून कधी मोकळी झालीच नव्हती. कासारीण नवी बांगडी भरी तेव्हासुद्धा एखादी जुनी हातात ठेवूनच. त्यात सासऱ्यांच्या छातीत यंदाच दुखून गेलं होतं. "ते बाहेर बाकावर बसून हायेत वं," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "आन् मी इथं हात भुंडे करू?"

सोबतची सिस्टर कुजबुजली, "राहू दे नं. सासू हाये तुही."

माझं डोकंच फिरलं. "सासू हाये म्हणून जंतू पाया पडतात का? सगळ्यांच्या बाळांना एक नियम अन् माह्या घरच्याले दुसरा?"

मी त्यांच्या हाताला साबण चोपडला आणि ओढायला लागले. निंदण-वेचणीनं जाड झालेली बोटं, हाडाशी येऊन बांगडी अडे. दोन-चार कशाबशा निघाल्या, बाकीच्या हलेनात. कातडी लाल झाली. तेवढ्यात आत बाळाच्या पेटीचा अलार्म वाजला. सासूबाईंनी काचेतून पाहिलं. नातू गारठून निपचित पडला होता.

"फोड," त्या म्हणाल्या.

मी बघतच राहिले. आमच्याकडे चुकून तडकली तरी बांगडी "वाढवली" म्हणतात. ‘फोड’ हा शब्द सवाष्णीच्या तोंडी येत नाही, स्वतःच्या बांगड्यांसाठी तर नाहीच नाही.

"फोड म्हणते नं! पाहून काय राह्यली? पोट्टं थंड पडून राह्यलं तिकडं."

मी मनगटाभोवती गॉजची जाड पट्टी गुंडाळली आणि कात्रीच्या मुठीनं एकेक फोडली. त्यांनी हात जरासुद्धा मागे घेतला नाही. मग कोपरापर्यंत साबण लावून, मी सांगितला तेवढा वेळ त्यांनी मुकाट हात धुतले.

बाळाला मी त्यांच्या छातीशी दिलं, वरून टोपी घातली, चादर घेतली. त्या खुर्चीत रेलून बसल्या, दोन्ही हात बाळाच्या पाठीवर. मी मधून मधून बाळाचे तळवे चाचपत होते. बऱ्याच वेळानं ते कोमट लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

तेवढ्यात काचेपलीकडे सासरे येऊन उभे राहिले. त्यांची नजर नातवावरून आजीच्या मनगटांवर गेली आणि तिथेच अडकली. सासूबाईंनी ते पाहिलं. चादर जरा वर ओढली असती तर मनगटं झाकली गेली असती. त्यांनी ओढली नाही. सासऱ्यांच्या डोळ्याला डोळा देऊन त्या बसून राहिल्या, आणि बाळाच्या पाठीवरचे हात तसूभरही हलले नाहीत.