डोळ्याला डोळा नाही

आमच्या समोरच्या बिऱ्हाडातले गृहस्थ सबंध ऐंशीच्या दशकात एकदाही झोपले नाहीत. हे मी नाही, ते स्वतः सांगत, आणि तेही जांभई न देता! परळच्या चाळीत गिरणीच्या भोंग्याखाली ढाराढूर झोपणारा हा माणूस नेरूळच्या नव्या कोऱ्या ब्लॉकमध्ये राहायला आला आणि सगळं बिनसलं. "इथे फार शांतता हो! त्या शांततेचाच आवाज येतो," म्हणायचे. सकाळी भेटले की "काल पण डोळ्याला डोळा नाही," हाच नमस्कार. बायको बिचारी म्हणायची, "अहो, घोरत होतात की!" तर म्हणत, "माहितेय, ऐकत होतो ना मी!" स्वतःचं घोरणं जागेपणी ऐकणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हनुवटी छातीला टेकवून घोरायचे, आणि चेअरमन बोलायचा थांबला की डोळे मिटूनच म्हणायचे, "पाण्याच्या टाकीवर होतात, पुढे बोला." काय करणार अशा माणसाचं!

आम्ही हसायचो. पण एक दिवस त्यांची शुभा रडतच माझ्याकडे आली. "काका, बाबांनी माझं कॉलेज सोडवलं. बिनझोपेचा माणूस किती दिवस जगणार, डोळ्यांदेखत तुझं लग्न उरकतो म्हणतात. त्यांना झोप लागते, हे तुम्ही तरी पटवा ना!" अशी तिडीक आली मला! शेवटचं वर्ष पोरीचं! म्हटलं, थांब, दाखवतोच.

आधी आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "थट्टा नका करू. काळजी करणाऱ्याचं अंग झोपतं, पण मेंदूचा एक कोपरा राखण करत बसतो. कानावर पडलेलं तेवढं आठवतं, मधली झोप आठवत नाही. त्याच्या लेखी तो जागाच असतो. त्याचा त्रास खोटा नाही." पण माझं लक्ष कुठे होतं! माझ्या डोक्यात बेत शिजत होता.

रविवारी मटण-भात जेवून ते नायलॉनच्या पट्ट्यांच्या खाटेवर घोरू लागले. तळमजल्याचंच घर. आम्ही चौघा शेजाऱ्यांनी खाट अलगद खांद्यावर घेतली आणि निघालो! "दारात सांभाळ, डावीकडे घे," मी कुजबुजत होतो. हसू दाबता दाबता जीव जायची पाळी, आणि वर गडी खुशाल घोरतोय! खाट थेट मैदानात नेऊन ठेवली आणि मी ओरडलो, "उठा साहेब! आता बोला, झोपला होतात की नाही?"

त्यांनी डोळे उघडले. आकाशाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "जागाच होतो. दारात सांभाळ, डावीकडे घे, म्हणालात."

तेवढ्यात शुभा आमच्या मागून धावत आली.

"मग उठला का नाहीत, बाबा?" शुभाने विचारलं.

ते तिच्याकडे वळले. "चौघांनी खांद्यावर घेतलं ना गं. वाटलं, संपलं, नेतायत मला. मरणाचं काही नाही वाटलं. एवढंच मनात आलं, पोरीचं कॉलेज उगाच सोडवलं."

आम्हा चौघांना मान वर करवेना. शुभा खाटेच्या कडेला टेकली, तिने त्यांचा हात धरला. ते म्हणाले, "उद्यापासून जा कॉलेजात. तुझं होईपर्यंत थांबतो मी."

आणि थांबले हो! ती शिकली, नोकरीला लागली, त्यानंतरही कितीतरी वर्षं थांबले. एवढी वर्षं झोप नसताना कसा काय जगला हा माणूस, हे मात्र मी त्यांना पुन्हा कधी विचारलं नाही.