काच न लावलेलं चित्र

फोन शेजारच्यांकडे आला. आम्हाला फोन करणारं तसं कुणी नाही. त्यामुळे हाक ऐकली तशी हातातलं टाकून निघाले. जिना उतरेपर्यंत मुलं, हे, गावाकडची माणसं, सगळ्यांची नावं मनात येऊन गेली. आपाचं नाव मात्र आलं नाही... पलीकडून भाई बोलत होते. "वैनी, तुमची आपा गेली," एवढंच म्हणाले. मग मलाच विचारलं, जेवलात का म्हणून.

मी जळगावकडची, सातवीत शाळा सुटलेली. ऐंशीच्या आगेमागे यांना कोल्हापुरात फौंड्रीत काम लागलं आणि आम्ही एका खोलीत संसार मांडला. गाव इतकं लांब की रडून काही उपयोग नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. इथली माणसं नुसती गप्पा मारायला लागली तरी मला भांडण जुंपल्यासारखं वाटे. दार लावलं की नाही, स्टोव्ह विझला की नाही, यांना यायला उशीर का झाला... दिवसभर मला हेच. भिंतीपलीकडे भाई पेंटरांचं घर होतं. भाई दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाचे बॅनर रंगवायचे. त्यांची बायको नसीमआपा, मुरगूडची, आवाज अख्ख्या बोळात ऐकू जाईल असा. एकदा मी तिसऱ्यांदा कुलूप ओढून बघत होते, तर ती दारातून म्हणाली, "तुझ्या काळजीला रंग असता न्हवं पोरी, तर आमचं डबं कधी रिकामं झालं नसतं. ये हिकडं, हात लाव जरा."

हात लावायचा होता तो चौकटीला. भाईंच्या उरलेल्या रंगातून आपा आपली चित्रं करायची. बॅनरचं शिल्लक कापड चौकटीवर ताणायचं, त्यावर सुताराच्या पांढऱ्या गोंदानं गुळाच्या बाजारातलं किलतान, म्हणजे गोणपाट, आणि चप्पल लाईनीतून आणलेल्या कातड्याच्या कातरणी चिकटवायच्या, वरून पांढऱ्याचा हात द्यायचा. वाळलं की भिंतीला लावतात तो प्लास्टिक पेंट गोंदपाण्यात पातळ करून, एकाच मगात रंगावर रंग घालून, ते सगळं एकदम कापडावर ओतायचं. मग दोघांनी दोन बाजू धरून चौकट कलती करायची. रंग कातड्याला अडखळत, किलतानात मुरत, वाट काढत जाई. ब्रश कधीच नाही. भाई म्हणायचे, हिनं चित्र काढलं की सांडलं, हे मला अजून ठरवता येत नाही. आपा म्हणायची, "तुमच्या हिरोचं नाक तरी कुठं जाग्यावर असतंय?"

तिची चित्रं घरातच भिंतीला टेकून असायची. कुणी विकत मागितली नव्हती. मग एक दिवस पाटी रंगवून घ्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईंची नजर त्यांवर गेली. त्यांचं बाळंतपणाचं नवं हॉस्पिटल उघडणार होतं. बाहेर बसायच्या खोलीत लावायला एक मोठं चित्र करा म्हणाल्या, पण आवडलं तरच घेईन. आपा त्या रात्री झोपली नसावी. पलीकडून डबे सरकवल्याचा आवाज येत होता. कापड तिनं तयार केलं, कातडं चिकटवलं, आणि ओतायच्या आधी मोरीत घसरून उजवा हात मोडून घेतला. हात गळ्यात बांधलेला, भाई सांगलीला बॅनरच्या कामावर, आणि बाई दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला येणार. निळा रंग एका वेळेपुरताच उरला होता.

"तू वत," आपा म्हणाली. मी म्हटलं, माझ्यानं नाही होणार. ती म्हणाली, आधी माझी वेणी घाल, मग बघू. हात मोडल्यापासून तिची वेणी मीच घालत होते. तिच्या दाट केसांना खोबरेल लावता लावता माझा जीव थाऱ्यावर आला, हे तिला ठाऊक असणार. मग मी हात नुसत्या पाण्यानं धुतले. रंगात जायचा हात साबणानं धुवायचा नाही, बुडबुडे येतात, असा त्या घरचा नियमच होता. निळ्यावर धरलेली साय मी बोटांनी काढली, मगात रंग भरला, आणि ओतला. एक बाजू मी, दुसरी आपा डाव्या हातानं. रंग कडेपर्यंत छान गेला. चौकट डब्यांवर ठेवली, आणि माझ्या डोळ्यांदेखत निळ्याला भोकं पडायला लागली. लहान, मोठी, गोल, आतून पांढरं आणि गुळाच्या रंगाचं वर येत होतं.

"फाटलं, आपा." मी रंग निपटायची पट्टी उचलली. ओला आहे तोवर खरवडता आला असता, पण परत ओतायला निळा कुठून आणायचा? आपानं माझ्या बोटांचा वास घेतला. खोबरेल. नुसत्या पाण्यानं ते गेलंच नव्हतं. मला वाटलं आता आवाज चढणार. ती हळू म्हणाली, "पट्टी ठेव खाली. त्याला थांबू दे की." आम्ही दोघी फरशीवर बसून राहिलो. भोकं थांबली तेव्हा ते पावसाच्या पाण्याखालच्या खड्यांसारखं काहीतरी झालं होतं. भाई रात्री आले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "आज आंबोळ्या घातल्यासा व्हय?" आपा हसता हसता मोडका हात धरून बसली.

सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. आपाची चुन्नी हातात चुरगळून गेली होती. बाई वाकून बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, वाळलं की पाठवा, मी काच बसवून घेते. आपाचा आवाज तेव्हा परत आला. "काच नको, बाई. आत दुसरीच्या कळा चाललेल्या असतात, भाईर बसलेल्या बाईनं करायचं काय? हाताला काय तरी लागूद्या." बाईंनी मान डोलावली.

त्यानंतर आपाची चित्रं विकत जाऊ लागली, आणि चौकटीची दुसरी बाजू धरायला मी असायचे. यांना दुसऱ्या गावी काम लागेपर्यंत मी कोल्हापुरात घाबरत होते, पण एकटी नव्हते.

माती द्यायला मला पोचता आलं नाही. पंधरवड्यानं गेले, भाईंना भेटले, आणि परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून हॉस्पिटलात शिरले. चित्र तिथंच होतं, खाली बाकडं. बसल्यावर हात पोचतो तेवढ्या पट्ट्यात कातड्यावरचा रंग बोटांनी झिजून गेला होता, आणि कातडं वापरातल्या चपलेसारखं गुळगुळीत, चकचकीत झालं होतं. माझं बोट आपसूक तिथं गेलं. शेजारी एक पोक्त बाई दोन बोटांनी तेच करत बसली होती, नजर आतल्या दाराकडे. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "तुमचं कोण हाय आत?"

बोट मी काढलं नाही. "बहीण," म्हटलं.

"हुईल की नीट," ती म्हणाली, आणि सरकून मला जागा करून दिली.