पाटाचं तोंड

हिंगणीहून सेलूला येणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला. मांडीवर लेव्हल बघायची पाणी भरलेली रबरी नळी होती. तिची दोन्ही टोकं त्याने अंगठ्यांनी दाबून धरली होती. तो पाट खोदणाऱ्या टोळीतला होता. मी घरातला पहिला पदवीधर, नुकताच मास्तर झालेला. रेषेचा चढ आणि आंतरछेद, म्हणजे ती उभ्या अक्षाला किती उंचीवर छेदते ते, दोनदा शिकवूनही नववीला कळले नव्हते, आणि उद्या हेडमास्तर माझा तास बघणार होते. मी वहीत दोन समांतर, उतरत्या रेषा काढल्या.

तो डोकावला. "मास्तर, हे दोन पाट होय काय?"

"नाही, गणित आहे."

"उतार तं दोघाइचा सारखाच हाय. याचं तोंड वर, त्याचं खाली, इतकंच. तोंड वर नेलं म्हणून पाणी काई जोरानं नाई पयत." मग हसून म्हणाला, "मी तं तिसरीतच शाळा सोडली. तुम्हाले ठाऊकच असन."

मला त्याचा इतका हेवा वाटला की मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दोन पाट काढले. मुलांना लगेच कळलं. हेडमास्तर म्हणाले, "उदाहरण छान शोधलंत." मी मान डोलावली.

निवृत्त होईपर्यंत दरवर्षी तेच उदाहरण दिलं. ते कुणाचं, हे एकदाही सांगितलं नाही.