भिकाजीने चिकटवलेला काटा

मालवणातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत भिकाजी शिपाई होता, पण बापजाद्यांचा धंदा मासेमारीचा. त्यामुळे बरण्यांतल्या माशांकडे तो वाडीतल्या माणसांकडे बघावं तसं बघायचा. परका असा एकच. कपाटातल्या दगडावर उमटलेला, वीतभर लांब, अंगावर काटेच काटे असलेला क्लायमॅटियस नावाचा जीवाश्म मासा. चाळीस कोटी वर्षांपूर्वीचा, जगातून कधीच संपलेला. कुणी जुन्या प्राध्यापकांनी तो परदेशातून आणला होता.

अकरा वर्षांपूर्वी तपासणीचं पथक येणार म्हणून भिकाजीने कपाट लख्ख केलं. उत्साहाच्या भरात दगडही नारळाच्या सोडणाने, म्हणजे सुक्या सालीने, खसाखसा घासला. पाठीवरचा काटा सुटला आणि पाण्याबरोबर मोरीत गेला. आता नोकरी जाते, एवढंच भिकाजीच्या डोक्यात. मग जेटीवरून त्याने लहानसा शिंगाळा आणला. हा मासा जाळ्यात आला की आधी त्याचा काटा मोडून फेकतात, टोचला तर हात सुजतो. तो फेकायचा काटा भिकाजीने उकळला, चहाच्या चोथ्यात काळा केला आणि फेव्हिक्विकने दगडावर बसवला. पथकाने मान डोलावली. पुढे दर वर्षी प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या प्राजक्ता मॅडम मुलांना तोच काटा दाखवायच्या, आणि भिकाजी खाली मान घालून पुसलेल्याच बरण्या पुन्हा पुसायचा.

यंदा त्याच्याच मुलीने, याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या सलोनीने, प्रकल्पाला तो मासा घेतला. एका संध्याकाळी ती धावतच घरी आली.

"बाबा, पाठीवरच्या काट्याक मागच्या बाजूक करवतीसारे दात आसत. पुस्तकातल्या एका पण चित्रात नाय. कोणाच्याच नजरेक पडूक नाय ते."

शिंगाळ्याच्या काट्याला तसे दात असतात हे भिकाजीला लहानपणापासून ठाऊक. पण पोरीचा चेहरा असा फुलला होता की त्याची जीभ उचलेना. महिनाभर तिने पानंच्या पानं लिहिली. सोमवारी कोल्हापुरात तज्ज्ञांपुढे ती हे मांडणार होती. आपली लाज झाकायला आपण पोरीचं हसं करतोय, हे त्याला कळत होतं.

शनिवारी दुपारी त्याने जेटीवरून शिंगाळा आणला, काटा उकळला आणि तिच्या वहीवर ठेवला. तिने भिंग लावलं. बराच वेळ काढलं नाही.

"ह्यो खंयचो?"

"आजच्या शिंगाळ्याचो. कॉलेजातलो पण तसलोच. मीच चिकटवलंय."

त्याने सगळं सांगितलं.

"माका पयल्याच दिवशी कित्याक सांगूक नाय?"

"तू खुशीत होतंस," तो म्हणाला. मग खरं तेही बोलला, "आनि माका नोकरीची भीती होती."

ती रडली नाही. "मॅडमांका तुमीच सांगा," म्हणाली. मग पट्टी घेऊन दातांबद्दलची पानं एकेक करून खोडायला बसली. शेवटचं पान आभाराचं होतं. 'हा मासा इतकी वर्षे जिवापाड जपणारे माझे बाबा' अशी पहिलीच ओळ. तिथे पेन थांबलं. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं, पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली.

ती ओळ तिने खोडली असती तर भिकाजीला बरं वाटलं असतं.