सोंगाने दिलेला शब्द

पहिले दोन दिवस शेवरपाड्यात एकानेही नाटक अडवले नाही. नाशिकहून आलेल्या मंडळींना हा लाजाळूपणा वाटला. कारण वेगळेच होते.

पेठ तालुक्यातल्या या डोंगरी गावात १९९८च्या डिसेंबरात एका संस्थेने तीन दिवसांचे नाट्यशिबिर घेतले. पद्धत अशी की गावातल्याच माणसांनी गावातल्याच एखाद्या अडचणीवर छोटेसे नाटक बसवायचे. ते अडचणीच्या ऐन तोंडाशी येऊन संपायचे. मग तेच नाटक पुन्हा सुरू व्हायचे, आणि या खेपेला बघणाऱ्यांपैकी कुणीही ‘थांबा’ म्हणून उठायचे, एखाद्या पात्राची जागा घ्यायची आणि आपल्याला सुचेल तसे वागून बघायचे. शिबिर घेणारी योगिनी नाशिक रोडची, पंचविशीच्या आतली. घसा बसला तरी ती समजावून सांगत राही. “हे नाटक तुमचंच आहे. वाटेल तिथं अडवा,” असे ती म्हणे. लोक माना डोलवत आणि पुढचे शांतपणे बघत बसत.

शेवरपाड्याला खेळ माहीत होता तो बोहड्याचा. होळीनंतरच्या दिवसांत देवादिकांचे लाकडी मुखवटे चढवून माणसे वाजतगाजत गावातून नाचत जातात. त्याला सोंग काढणे म्हणतात. चालत्या सोंगाला या गावात कुणी आडवे जात नाही. सोंग दारासमोर थांबले तर हात जोडावेत, दुखणेखुपणे सांगावे, आणि सोंगाने शब्द दिला तर तो पदरात घ्यावा, अशी रीत. अशा गावाला कुणी सांगितले, की सोंग रंगात आले असताना ‘थांबा’ म्हणून ओरडा, तर गाव एवढेच करते की पाहुण्यांची चूक पोटात घालते.

तिसऱ्या दिवशी बयाबाई गावंढे उठली, तीही पद्धत पटली म्हणून नव्हे. सरपंचाचे काम करणारा वरच्या वाडीतला पदवीधर मुलगा फार वाईट काम करत होता, म्हणून.

बयाबाई खालच्या वाडीतली. नागली-वरईची तुकडाभर जमीन, उरलेले दिवस दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत मजुरी. वरच्या वाडीत पंचायतीचा नळ होता. खालच्या वाडीच्या बायका ओहोळातल्या झिऱ्याशी बसून वाटीवाटीने हंडा भरत. नळ खाली आणायला लागणारे पाइप पंचायतीच्या खोलीमागे गवतात पडून होते आणि ते तिथेच का पडून आहेत, याची प्रत्येक वाडीत वेगळी हकीकत होती. शिबिरातले नाटक याच पाण्यावर होते. खरा सरपंच हिरामण भुसारे समोर खुर्ची टाकून बसला होता. आपले काम नाटकात आहे याचा त्याला राग नव्हता. उलट त्याने अंगावरचे काळे जाकीट आणि टोपी काढून त्या मुलाला हौसेने घालायला दिली होती.

तो मुलगा पाठ केल्यासारखा म्हणाला, “मी तुमच्या मागणीचा अवश्य विचार करीन.”

“थांब रं,” बायकांतून बयाबाईचा आवाज आला. “हिरामणदादा असा बोलतो व्हय? आण ते जाकीट इकडं.”

तिने जाकीट चढवले, टोपी तिरकी केली, कानाची पाळी चोळली आणि कमरेवर हात ठेवून घसा खाकरला. एवढ्यावरच लोक हसून लोळायचे बाकी राहिले, कारण हिरामण खरोखरच बोलण्याआधी कानाची पाळी चोळायचा. नाटकातल्या बाईने विचारले, “सरपंच, नळ कवा?” बयाबाईने समोर हिरामणकडे पाहिले. मग ती त्याच्याच खर्जात म्हणाली, “होळीच्या आत खालच्या वाडीत नळ. हा भुसाऱ्याच्या घरचा शब्द!”

टाळ्या पडल्या. हिरामणही पोट धरून हसला. योगिनीच्या डोळ्यांत पाणी आले. बयाबाईने जाकीट काढले, झटकले, परत दिले आणि ती जनावरे बांधायला घरी गेली.

सकाळी ती झिऱ्यावरून येत असताना वाडीच्या तोंडाशी चार बायका दगड रचताना दिसल्या. शेजारची मालनबाई मातीने माखलेले हात न धुता पुढे आली.

“बये, ओटा हितं बरा का पलीकडं? नळाखाली चिखल नको व्हायला.”

“कसला नळ?”

“आता कसला म्हणती! तूच दिला ना शब्द?”

“अगं, ते नाटक होतं.”

“सोंगानं दिलेला शब्द कवा नाटक असतो?” मालनबाईने तिला अडाण्याला समजवावे तसे समजावले. “तू बोलली का बये? जाकीट अंगात व्हतं तवा तू बयाबाई नव्हतीच.”

घरी पुंजा बयाबाईशी दोन दिवस धड बोलला नाही. पुंजा तिचा नवरा, बोहड्यातला नावाजलेला नाचणारा. गावातला भीमाचा मुखवटा भुसाऱ्यांच्या घरचा. मान त्यांचा, पण हिरामणचा गुडघा अधू, म्हणून तो मुखवटा पुंजा नाचवायचा. बाईने सोंग घ्यावे हेच त्याला रुचले नव्हते. त्याहून खटकले होते ते दुसरेच.

“नाचणारा आपल्या मनानं शब्द देत नाय,” शेवटी तो म्हणाला. “आधी घरधन्याकडं बघतो. त्यानं मान हलवली तर बोलतो. फळ त्याच्या घराला, पाप बी त्याच्याच घराला. आपण निस्ते अंग.”

“मी बघितलं त्याच्याकडं.”

“मग? हलवली मान?”

बयाबाईने आठवून पाहिले. “हसला तो,” ती म्हणाली. “मान हलली का नाय, सांगता येत नाय. हसताना हलतेच की माणसाची मान.”

या प्रश्नावर गावाचे आजही एकमत नाही. खालच्या वाडीतले बहुतेक जण मान हलल्याचे शपथेवर सांगतात. वरच्या वाडीत ती हललेली कुणालाच दिसली नव्हती. पुरावा म्हणून दोन्ही बाजू सारख्याच निरुपयोगी आहेत. बयाबाईपुरते मात्र एक उघड होते. होळी कोरडी गेली तर हिरामणला कुणी काही म्हणणार नव्हते. तो सरपंच होता आणि त्याच्याकडून कुणाची अपेक्षा नव्हती. खोटी ठरणार होती ती बयाबाई. उद्या तिच्या तोंडच्या साध्या निरोपावरही कुणी भरवसा ठेवला नसता.

जानेवारीत योगिनी पाठपुराव्याला आली. अर्धा रचलेला ओटा पाहून ती हरखली, आणि त्यामागचे कारण कळल्यावर घाबरली. संस्थेने गावाला फसवले असे उद्या कुणी म्हटले तर? तिने खालच्या वाडीच्या बायकांना बसवून सांगितले, की नाटकात बोललेले खरे नसते, तो सराव असतो.

“म्हंजी तीन दिस तुम्ही आमच्याकडनं खोटं बोलायचा सराव करून घेतला?” मालनबाईने विचारले. विचारण्यात टोमणा नव्हता; तिला खरेच जाणून घ्यायचे होते. योगिनीने उत्तर दिले, पण ते तिचे तिलाच पुरेसे वाटले नाही. निघताना तिने बयाबाईला बाजूला घेतले.

“बयाबाई, तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. एवढंच म्हणा, की मी गंमत केली.”

“ताई, गंमत तर केलीच,” बयाबाई म्हणाली. “पण तसं म्हणले ना, तर ओटा मोडावा लागंल. तो कुणी मोडायचा?”

योगिनी पिशवी उचलून निघाली. तिची पेठला जायची गाडी उभी होती.

होळी आठवड्यावर आली तेव्हा बयाबाईने एक नारळ घेतला आणि ती सकाळी हिरामणच्या घरी गेली. नंतर लोकांनी याला मोठी चाल ठरवले. तिच्या डोक्यात तेवढे नव्हते. पुंजाने तिला सांगितले होते, की दिलेला शब्द झेपत नसेल तर घरधनी चार माणसांत नारळ फोडून तो परत घेऊ शकतो. मग नाचणारा मोकळा. तिला मोकळे व्हायचे होते, इतकेच.

हिरामण पडवीत दाढी करत होता. त्याची आई धोंडाबाई सुपात नागली पाखडत बसली होती. भीमाचा मुखवटा या घरात आतल्या खोलीत टांगलेला असे आणि त्याला दिवा लावण्याचे काम धोंडाबाईचे होते.

“हिरामणदादा, शब्द परत घ्या,” बयाबाई उभ्यानेच म्हणाली. “वाडीत येऊन नारळ फोडा. नाय तर नळ द्या. मला झोप नाय लागत.”

“अगं बाई, तू पण!” हिरामणने वस्तरा खाली ठेवला. “मालनीचं ठीक हाय, ती तशीच हाय. पण तुला तर कळतं ना? नाटक व्हतं ते. त्या नाशिकच्या ताईंनीच सांगितलं ना वाडीत?”

“कसलं नाटक?” धोंडाबाईने सूप थांबवले.

हिरामणने थोडक्यात सांगायला सुरुवात केली. आईने ते थोडक्यात होऊ दिले नाही.

“जाकीट कुणाचं व्हतं?”

“माझंच.”

“हिनं वढून नेलं?”

“नाय. मी दिलं. पण हिला नाय, त्या पोराला—”

“ही बोलली तवा तू कुठं व्हता?”

“समोर.”

“काय केलं?”

“हसलो. आई, सगळेच हसले!”

“सगळ्यांचं जाकीट नव्हतं,” धोंडाबाई म्हणाली आणि पुन्हा पाखडू लागली.

हिरामणच्या एका गालावर साबण वाळत चालला होता. खालच्या वाडीत जाऊन चार माणसांत नारळ फोडणे म्हणजे भुसाऱ्यांच्या घरचा शब्द पोकळ गेला असे आपल्या तोंडाने सांगणे. आणि बोहडा पंधरवड्यावर आला होता. पोकळ शब्दाच्या घरचा भीमाचा मुखवटा पुंजाने उचलला नसता, तर अधू गुडघ्याने हिरामणलाच उचलावा लागला असता.

“नारळ ठेव हितं,” शेवटी तो म्हणाला.

“फोडणार?”

“ठेव म्हणलं ना! पाइप जोडल्यावर लागंलच की.”

नळ होळीच्या आत आला नाही. होळीच्या दिवशी पाइप ओढ्यापर्यंत पोचले होते आणि तिथून पुढचे खोदकाम वाडीतल्या माणसांनी स्वतःच केले; ऐन बोहड्याच्या गडबडीत ओट्यावर पाणी पडले. शब्द पाळला गेला की मोडला, यावर दोन दिवस वाद झाला. मग बायका पाणी भरायला लागल्या आणि तो मागे पडला. संस्थेच्या अहवालात हे नाटकाने घडवलेले परिवर्तन म्हणून गेले. हिरामण म्हणतो की योजनेचा पुढचा हप्ता त्याच सुमारास मंजूर झाला होता. ते नाकारता येत नाही. धोंडाबाईला कुणी विचारले नाही.

बयाबाई पुढे संस्थेच्या शिबिरांना जाऊ लागली. आधी सुरगाण्याकडच्या पाड्यांवर, मग वणीला, मग थेट नाशकात. तिने स्वतःपुरता एक नियम केला होता: ज्याचे काम करायचे, त्याचीच वस्तू अंगावर घ्यायची आणि त्यालाच समोर बसवायचे. पंचवटीत २००१ साली भाजीवाल्या बायकांच्या शिबिरात जागावाटपाचा साहेब पाहुणा म्हणून आला होता. बयाबाईने त्याचा चष्मा मागून घेतला, डोळ्यांवर चढवला आणि ती त्याच्याकडे बघत म्हणाली, “पावसाळ्याच्या आत तुमच्या गाळ्यांवर पत्रे.” साहेब दिलखुलास हसला. त्याची मान हललेली सगळ्यांनी पाहिली. टाळ्या झाल्या, साहेबाने रुमालाने पुसून चष्मा परत डोळ्यांवर ठेवला आणि तो निघून गेला.

पत्रे आले नाहीत. पावसात कोथिंबीर कुजवून बसलेल्या एका बाईने पुढच्या खेपेला तिला विचारले, “काय गं, तुझा साहेब?” परतीच्या गाडीत बयाबाई योगिनीला म्हणाली, “ताई, त्याचं घर कुठंय ते विचारायला हवं व्हतं. घरात म्हातारी हाय का ते बी.” त्यानंतर तिने परक्या गावात सोंगाच्या तोंडून शब्द दिला नाही. साहेबाचे काम करताना ती साहेब जे म्हणेल तेवढेच म्हणे. योगिनीला हे नाटक पूर्वीइतके रंगतदार वाटेना.

२००३च्या हिवाळ्यात शिबिर पुन्हा शेवरपाड्यात आले. विषय रस्त्याचा. हिरामण अजून सरपंच होता. थंडी मरणाची होती आणि सगळे गाव घोंगड्यांत गुरफटून बसले होते. हिरामण तेवढा नुसत्या बनियनवर आला. जाकीट, टोपी, घोंगडी, सगळे घरी ठेवून. खुर्ची नाकारून तो मागच्या भिंतीशी जाऊन बसला.

बयाबाईने अंगावर काही न घेता नुसती कानाची पाळी चोळली. गाव खदखदून हसले. नाटकातल्या बाईने विचारले, “सरपंच, रस्ता कवा?”

बयाबाईने मागच्या भिंतीकडे पाहिले. हिरामण हातांची घडी घालून, कुडकुडत, मान ताठ धरून बसला होता. सगळ्या गावात तो एकटा हसत नव्हता.