फुलांच्या चौकटीतलं पान

आता माझ्याकडे कॉम्प्युटर आहे आणि शेवटची प्रत मी त्यावरच करतो. पहिला खर्डा मात्र अजून हातानंच लिहितो. माझं पहिलं पुस्तक असंच झालं. नागभीडजवळच्या एका शाळेत मी शिक्षक होतो. जुन्या उत्तरपत्रिका रद्दीत निघायच्या, त्यांतली कोरी पानं काढून घेऊन मी लहानपणच्या आठवणी लिहीत गेलो. शाळेला तेव्हा एक कॉम्प्युटर मिळाला होता. त्याच्यावर भरतकामाचा रुमाल असे आणि त्या खोलीत चपला घालून जायची बंदी होती. एका रविवारी मी त्याच्यापुढे बसलो. 'आई' लिहायला कुठली कळ दाबायची हे शोधेपर्यंत आईबद्दल काय लिहायचं होतं तेच विसरलो. परत कागदाकडे आलो.

जो मजकूर गाळायचा त्याच्याभोवती मी पेन्सिलीनं चौकट करायचो. शाईनं लिहिलेल्यावर काट मारायला हात धजत नसे. त्या पुस्तकात अशा पाच चौकटी होत्या. चार किरकोळ होत्या. पाचवीत माझी एक चोरी होती.

सातवीत असताना तालुक्याच्या निबंध स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं, शाईचा पेन. गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले, हा पोरगा पुढं लेखक होईल. आमच्या घरातलं कुणीतरी पहिल्यांदा कॉलेजात गेलं ते बरंचसं त्या एका वाक्याच्या बळावर. निबंधात मी लिहिलं होतं की मोहफुलं वेचायला गेलो, रानात वाट चुकलो आणि न घाबरता आमच्याच गाईच्या मागं मागं चालत घरी आलो. मी कधी वाट चुकलोच नव्हतो. चुकला होता माझा दादा. सातवीनंतर शाळा सोडून तो बाबांबरोबर धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, उतरला होता. बांधाच्या पाळीवर बसून त्यानं मला ती गोष्ट सांगितली आणि मी ती स्वतःच्या नावावर उतरवली. दादानं तो निबंध कधी पाहिला नाही. बक्षिसाच्या दिवशी गावभर बत्तासे मात्र त्यानंच वाटले.

हे सगळं मी पुस्तकासाठी लिहून काढलं, एकदा वाचलं आणि भोवती चौकट केली. ज्याच्या कष्टावर शिकलो त्याची गोष्टही मीच उचलली, हे त्याला कळलं तर त्याच्यासमोर उभा कसा राहणार होतो?

प्रकाशकाला टाइप केलेली प्रत हवी होती. चंद्रपूरला एक मुस्लिम जोडपं लग्नपत्रिका छापायचं. भाऊ छपाई बघायचे, भाभी कॉम्प्युटरवर बसायच्या. त्यांच्याकडे कागद देऊन आलो. महिन्याभरानं त्यांचा निरोप आला की उद्याच्या गाडीनं छापलेली पानं पाठवतो. मला शाळा होती, म्हणून ती घ्यायला मी दादाला नागभीडच्या स्टँडवर पाठवलं. मधल्या सुट्टीत, गठ्ठा निघाला ना, हे विचारायला मी एसटीडी बूथवरून फोन केला.

"सकाळीच निघाला सर," भाभी म्हणाल्या. "ड्रायव्हरभाऊच्या हातात दिला. आन् तुमच्या पाची चौकटी बराबर टाकल्या. फुलाची बॉर्डर लावली, पत्रिकेची. एकदम झकास दिसून राह्यलं."

"भाभी, चौकट म्हणजे तेवढं गाळायचं होतं."

"या अल्ला! आमच्या इथी तं चौकट म्हंजे ते उठून दिसलं पाहिजे!"

त्या बिचारीची काय चूक? मी सांगितलंच नव्हतं. दादा सावकाश वाचतो, पण छापील काही हाती आलं की सोडत नाही. स्टँडवर त्याला दोन तास गावच्या गाडीची वाट पाहायची होती. त्या दिवशी वर्गात मी काय शिकवलं ते आठवत नाही.

शाळा सुटल्यावर सायकल दामटत घरी आलो. दादा ओसरीवर बसला होता. गठ्ठ्याची सुतळी सुटलेली होती आणि फुलांच्या चौकटीचं एक पान त्याच्या मांडीवर होतं.

"काय गुरुजी," तो म्हणाला. नोकरी लागल्यापासून तो मला असंच चिडवायचा. "मले वाटलं कोनाची पत्रिका आली. चहा पेता पेता वाचून काढली."

"दादा, ते..."

"म्हंजे तो पेन माह्या वाट चुकन्याले भेटला होता?"

"हो."

"आन् बत्तासे बी मीच वाटले!" तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "गाईले तं बिचारीले काईच नाई भेटलं."

मला हसता येईना. हे पान मी काढूनच टाकणार होतो, असं मी त्याला सांगितलं.

"काऊन?"

"तुला वाईट वाटेल म्हणून." मग खरं तेही बोललो, "मला लाज वाटत होती."

पानावरच्या फुलांवरून त्यानं बोट फिरवलं. "मी बाकीचे पानं बी चाळून पाह्यले. बाबा हाये, आई हाये, आपला बैल बी हाये. मी या एकाच पानावर हावो. आन् तू हेच काढून राह्यला?"

माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. मी खाली बसलो. मला एकदम हलकं वाटलं आणि दुपारपासून मेलेली भूक लागली.

"नाही काढत," मी म्हणालो.

"पन यात एक खोटं हाये. मी भेलो नाई असं लिहलं तू. तवा तुले तसंच सांगतलं होतं मी, लहान भावापुढं काय सांगू? गंज रडलो होतो, हुंदके देऊ देऊ. गाईच्या गळ्याले पडून."

मी खिशातून पेन काढला आणि ते पान उलटं केलं. मागची बाजू कोरी होती.

"लिही," दादा मांडी घालून नीट बसत म्हणाला. "हळू हळू सांगतो. या खेपेले माह्या नावावर."