सोडचिठ्ठीचा खर्च

कचेरीसमोर बसून अर्ज लिहून देणारे अप्पा बाजारच्या दिवशी नेहमी दिसायचे. दौत उघडण्याआधी ते प्रत्येकाला सगळा खर्च सांगत. थोरल्या बहिणीची सोडचिठ्ठी लिहून घ्यायला मी तिला मंठाळहून नेलं, तेव्हाही ते बोटांवर मोजत म्हणाले, "स्टांप, लिहिणावळ, दोन साक्षीदार. सासरचे दागिनेबी परत द्यावे लागतील."

अक्का म्हणाली, "दागिने देते, अप्पा. पर ते लेकबी मागायलेत. लिहा, तिलाबी सोडते."

एरवी समोरचा सांगेल तेच लिहिणाऱ्या अप्पांनी टाक खाली ठेवला. "लेक खर्चात धरायची न्हाई, पोरी. म्या लिहिणार न्हाई."

त्यांनी 'लेक आईजवळ राहील' असं लिहिलं. दागिने हातात पडताच तिथं आलेल्या नवऱ्यानं लेकीचा हट्ट सोडून अंगठा उठवला. अक्का तिथं रडली नाही. गाडीत लेकीला मांडीवर घेतल्यावर रडली.